सुरेशभावजींचा हुबेहूब आवाज

वाद्यं वाजवणाऱ्या माणसाशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी वाढत जातात, वायरी आणि किस्से. वायरी मी गुंडाळून, रबरबँड लावून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवते. किश्शांचं काय करायचं ते सात महिन्यांत समजलेलं नाही. ते कार्यक्रमाहून घरी येतात, जेवताना एकदा सांगितले जातात, दुसऱ्या दिवशी चहाला कुणी आलं की परत, आणि तिसऱ्या वेळेला त्यात तिथे नसलेली माणसंही बोलायला लागतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवते, घडले तसे. मी फार बोलत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं मला ऐकूही कमी येत असावं, आणि माझ्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात.

माझं माहेर पलूस, सासर मलकापूर. "म्हणजे कराडच की," असं सगळे म्हणतात, मलकापूरचे सोडून. लग्न जमताना सांगितलं होतं की मुलाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कीबोर्ड वाजवतो, ही माहिती 'आवडी' या सदरात होती, क्रिकेटच्या खाली. क्रिकेट खेळताना मी त्याला अजून एकदाही पाहिलेलं नाही.

तर हा ग्रुप तीन माणसांचा. एक माझा नवरा अमोल. घरात 'अहो', इथे अमोल. ढोलकीपासून बासरीपर्यंत सगळं त्याच्या कीबोर्डच्या पोटात असतं. दुसरे बापू, साउंडवाले, पन्नाशीचे. मिक्सरवरचं कुठलं बटण कधी दगा देतं हे त्यांना अंधारातही सांगता येतं. तिसरे सुरेशभावजी, गायक. वय चौतीस, गाव विट्याजवळ. बॅनरवर त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'हुबेहूब आवाज' असं असतं आणि शेजारी एका जुन्या, मोठ्या गायकाचा फोटो. त्या गायकाचं नाव घेत नाही, रेडिओ लावला की ते असतातच. कार्यक्रम ठरवायला फोन येतो तेव्हा लोक विचारतात, "त्ये फोटोवालं येणार हायत न्हवं?"

फोटोवाले म्हणजे सुरेशभावजी. फोटो त्यांचा नाही.

*

मी पाहिलेला पहिला कार्यक्रम म्हणजे हायवेलगतच्या लॉनवरचं एक रिसेप्शन, भर दुपारचं. मी बापूंच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर अमोलची बॅग. ती खुर्ची तेव्हापासून माझीच आहे.

सुरेशभावजींनी पहिलं गाणं सुरू केलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज तोच, शब्द सोडण्याची पद्धत तीच, हसू आल्यासारखा तो मधला झोकही तोच. डोळे मिटले तर लॉन, मांडव, मसालेभाताचा वास सगळं जाऊन नुसता रेडिओ राहील, इतका तोच.

दुसऱ्या गाण्याला नवरीचे मामा स्टेजजवळ आले. फेटा, हातात पाण्याची बाटली. अमोलला म्हणाले, "रेकॉर्ड बंद करा की आता. गाणाऱ्याला गाऊ द्या."

"गातायत की ते, मामा."

"आमाला खुळ्यात काढू नका. त्यो नुस्तं त्वांड हलवतोय."

मामा तिथून हलेनात. शेवटी सुरेशभावजींनी गाणं चालू असताना मधेच माइकमध्ये खोकून दाखवलं. अगदी साधा, गावाकडचा, घसा साफ करायचा खोकला. मामांनी मान डोलावली आणि जेवायला गेले.

त्यानंतर ती पद्धतच पडली. दर कार्यक्रमात दुसऱ्या गाण्यात एकदा खोकायचं, म्हणजे शंका राहत नाही. त्या दिवशी सामान भरताना बापू म्हणाले, "सुऱ्या, खोकला तेवढा तुझा रं. बाकी सगळं त्यांचं."

सगळे हसले. सुरेशभावजीही हसले, पण माइकची वायर गुंडाळताना त्यांनी ती दोनदा उलगडून परत गुंडाळली.

*

टेम्पोत मी पुढे बसत नाही. मागे सामानाजवळ बसते, कारण पुढे बसलं की बोलावं लागतं. एकदा औंधहून परत येताना सुरेशभावजीही मागे येऊन बसले. काहीतरी गुणगुणत होते. मला वाटलं दुसराच कुणीतरी बसलाय. आवाज जरा जाड, खरखरीत, शब्द विट्याकडचे.

"कुणाचं गाणं हे, भावजी?"

ते दचकले. "माजंच हाय, वैनी. आन् आवाजबी माजाच."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या दाजींचं दक्षिणेत लांब एका शहरात गलाईचं दुकान आहे. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. विट्याकडच्या निम्म्या घरांतला कुणी ना कुणी असाच भारतभर कुठेतरी भट्टीपुढे बसलेला असतो. दिवाळी झाली की दाजींकडे जायचं ठरलं होतं. एकदा गेलं की माणूस यात्रेला आठ दिवस येतो, एरवी नाही. आणि भट्टीवर ॲसिडचा धूर असतो, त्यात घशाचं काय राहतं ते त्यांच्या चुलतभावाकडे बघून त्यांना माहीत होतं.

"वडील म्हनत्यात, दुसऱ्याच्या आवाजावर किती दिस जगणार हाईस. त्यांचं काय चुकत न्हाई," ते म्हणाले. "जायच्या आदी फकस्त एकदा, माणसांफुडं, माजं गाणं माज्या आवाजात म्हणायचंय. मग जातो."

मी मान हलवली. दिवाळीला तेव्हा तीन महिने होते.

*

पहिली संधी नवरात्रात आली. एका मंडळाचा संध्याकाळचा कार्यक्रम, समोर दीडदोनशे माणसं, बाया पुढे चटईवर. अमोलने आधीच ठरवलं होतं, पाचवं गाणं भावजींचं स्वतःचं. बापूंना सांगायचं मात्र राहून गेलं. बापूंना गाण्यांची यादी देत नाहीत, कारण ते यादीवर चहाचा कप ठेवतात.

पाचवं गाणं सुरू झालं. त्या टेम्पोतला आवाज पहिल्यांदा मांडवभर झाला. मी सावरून बसले.

शेजारी बापू ताडकन उठले. "च्यायला, माइक गेला."

एका कडव्यात त्यांनी माइक बदलला. धावत जाऊन भावजींच्या हातातला काढून घेतला, दुसरा दिला. तरी तोच जाड आवाज. मग ते मिक्सरवर वाकले. मी म्हटलं, "बापू, अहो," पण माझं 'अहो' स्पीकरसमोर कुठं ऐकू येणार. त्यांनी खालचा खर्ज काढला, वरची धार वाढवली, थोडा एको टाकला, परत थोडा काढला. वीस वर्षांचा हात तो. कान तिरका करून, ओठ चावून, एकेक बटण केसाएवढं फिरवत ते जुळवत राहिले. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मांडवात तो जुना रेडिओवाला आवाज बऱ्यापैकी आला होता. पुढच्या बायांनी माना डोलवायला सुरुवात केली.

भावजी गाता गाता थांबले नाहीत. फक्त एकदा स्पीकरकडे वळून बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर बापू घामेघूम होऊन स्टेजजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आवाज गेलता गड्या तुझा. आणला का न्हाई माघारी?"

*

दुसरा प्रयत्न आमच्या बेडरूममध्ये झाला. अमोल म्हणाला, स्टेज नको, आधी रेकॉर्ड करू, लोकांच्या कानावर पडू दे. खिडकीला रुखवतातली गोधडी टांगली, पंखा बंद केला, सासूबाईंना कुकर लावू नका म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "गाणं किती शिट्ट्यांचं हाय?"

गाणं झालं. सुरेख झालं. गाण्यात एक माणूस एसटीच्या खिडकीतून आपलंच गाव बघतो आणि त्याला ते दुसऱ्याचं वाटतं, एवढंच होतं. दारात उभं राहून ते पूर्ण ऐकणारी मी एकटी. अमोल कानाला हेडफोन लावून आकडे बघत होता.

बाहेर येऊन भावजींनी मला विचारलं, "कसं वाटलं, वैनी?"

मला खूप वाटलं होतं. तोंडातून आलं, "चांगलं आहे."

मी चहालाही चांगलं आहे म्हणते. शेजारणीच्या पडद्यांनाही म्हणते. भावजी "बरं" म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

अमोलने ते गाणं व्हॉट्सॲपच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकलं. मंडळांचे अध्यक्ष, मांडववाले, केटरर, लॉनचे मालक, असे सगळे त्यात आहेत. कुणाचं मत आधीच ठरू नये म्हणून नाव न घालता. 'नवीन आवाज. कसा वाटतो?' एवढंच.

उत्तरं आली. 'छान प्रयत्न.' 'नवीन मुलांना संधी द्या.' 'आवाज जरा बसका आहे.' मग एका अध्यक्षांनी लिहिलं, 'पोरगा ठीक आहे पण आपल्या सुरेशदादांची सर नाही.'

त्याखाली भराभर अंगठे आले, एकोणीस. मी सहज यादी उघडून पाहिली. बारावा अंगठा सुरेशभावजींचा होता.

*

सांगलीत कॉलेजच्या जवळ एक नवा कॅफे झालाय. भिंतीवर सायकल टांगलेली, खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या. तिथे रविवारी दुपारी ओपन माइक असतो आणि नियम एकच, जे काही सादर कराल ते स्वतःचं पाहिजे. अमोलने भावजींचं नाव नोंदवलं. दहा मिनिटं मिळणार होती. मीही गेले. दिवाळीला बारा दिवस होते.

आधी एका मुलाने गिटारवर गाणं म्हटलं. त्यात तो कुणाला तरी विसरला होता आणि ते त्याला सारखं आठवत होतं. मग एका मुलीने इंजिनिअरिंगला लागलेल्या बॅकलॉगवर कविता म्हटली, ती खरंच चांगली होती. भावजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. शाळेत पेपर मिळायची वाट बघतात तसे.

त्यांची पाळी आली. सूत्रसंचालन करणारी मुलगी हुशार होती. तिने सगळ्यांची माहिती आधीच मोबाईलवर शोधून ठेवली होती.

"फ्रेंड्स, आज आपल्यात एक लेजंड आहेत. हुबेहूब आवाज. यांचे व्हिडिओ तुम्ही बघाच. सर, आमच्यासाठी एक तरी. प्लीज. मग तुमचं म्हणा."

वीसबावीस पोरं होती. सगळ्यांनी मोबाईल वर केले. भावजींनी अमोलकडे बघितलं. अमोलने माझ्याकडे. मी मेनूकार्डाकडे.

एक म्हटलं. मग मागच्या टेबलावरून दुसऱ्याची फर्माईश आली, माझ्या आजोबांचं आवडतं म्हणून. ते म्हटलं. तिसरं त्या कवितावाल्या मुलीने डोळ्यांत पाणी आणून मागितलं. दहा मिनिटं झाली. पुढचा मुलगा गिटार लावून उभाच होता.

निघताना चौघांनी भावजींच्या पाया पडून सेल्फी घेतले. परतताना गाडीने कृष्णेचा पूल ओलांडल्यावर भावजी म्हणाले, "लय मान दिला पोरांनी."

*

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते गेले. विट्याच्या स्टँडजवळून लांबची ट्रॅव्हल्स दुपारी चारला सुटते. आम्ही दोघे मोटारसायकलवर गेलो होतो. बापू आले नाहीत. त्यांना कुणाचं जाणं बघवत नाही, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे.

भावजींचे वडील तिथे पहिल्यांदा पाहिले. मिलिटरीतून निवृत्त, ताठ, मिशा पांढऱ्या. मुलाची ट्रंक त्यांनी स्वतः डिकीत लावली, कुणाला हात लावू दिला नाही. वर पांढऱ्या रंगाने स्वतःचंच नाव आणि नंबर होता. ती त्यांची फौजेतली ट्रंक.

गाडी गेल्यावर ते अमोलला म्हणाले, "त्येनं सोताचं गाणं केलंय म्हनं."

"हो, काका."

"तुमी ऐकलं?"

"हो."

"घरात कवा म्हनला न्हाई." ते गाडी गेली त्या दिशेला वळले. मग म्हणाले, "आमी म्हन म्हटलं बी न्हाई म्हना."

अमोलच्या मोबाईलमध्ये ते गाणं होतं. अमोलने खिशात हात घातला. तेवढ्यात म्हातारबुवा "जातो आता, जनावरं हायत" म्हणून निघाले आणि भराभर चालत गेलेसुद्धा. फौजेतली चाल, मागून गाठणं शक्य नव्हतं.

*

गायक नाही म्हटल्यावर ग्रुप दीड महिना घरी बसला. लग्नसराई सुरू झालेली. शेवटी अमोलने फेसबुकवर टाकलं, गायक हवा आहे, जुन्या गाण्यांचा.

दोघं-तिघं येऊन गेले. मग एका दुपारी निखिल आला. इस्लामपूरकडचा, तेवीस वर्षांचा, आयटीआय केलेला, एका वर्कशॉपमध्ये कामाला. बापूही आले होते, पलंगावर मांडी घालून बसले होते. मी दारात, हातात चहाचा ट्रे.

अमोलने त्या जुन्या गायकाचं सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू केलं. सुरेशभावजी प्रत्येक कार्यक्रमात शेवटी म्हणायचे ते. निखिलने सुरुवात केली. बरा होता. आवाज कोवळा, पण सुरात.

दुसऱ्या अंतऱ्यात एक लांब ओळ आहे. तिच्या मध्यावर, शेवटच्या शब्दाच्या आधी, निखिलने अर्धा क्षण थांबून दम घेतला. घसा जरासा खरखरला आणि मग शब्द आला.

अमोलचा डावा हात तिथे आधीच थांबलेला होता. चार वर्षं सुरेशभावजींसाठी त्या जागी थांबायची सवय लागलेला हात. त्याने मान वर करून निखिलकडे बघितलं. बापूंनी मांडी मोडली आणि पाय खाली सोडले. मी ट्रे धरून उभीच.

गाणं संपलं. अमोलने विचारलं, "कुणाचं ऐकून बसवलंस हे?"

"तुमच्याच यूट्यूब चॅनेलवर, सुरेशदादांचं बघून. रोज बघतो मी, दोन वर्षं झाली."

"आणि मूळ गाणं?"

निखिल ओशाळला. "ते न्हाई ऐकलं कधी. ऐकायला पायजे होतं का?"

मी चहा ठेवला. बापू म्हणाले, "पोराला बिस्किटं द्या, वैनी," आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

अमोलने भावजींना फोन लावला. स्पीकरवर. पलीकडे भट्टीच्या पंख्याची घरघर होती. भावजींचा आवाज ओळखू येईना, इतका बसला होता.

"सुरेश, एक नवीन मुलगा आलाय. ऐक जरा. सांग कसा वाटतो."

निखिलने पुन्हा म्हटलं, दुसरा अंतरा, पूर्ण. त्या जागी पुन्हा तसाच थांबला, तसाच दम, तशीच खरखर. अमोल फोन त्याच्या तोंडाजवळ धरून उभा होता. गाणं संपल्यावर त्याने फोन आपल्याकडे घेतला.

"घ्या त्येला," भावजी म्हणाले. "चांगला हाय पोरगा. तयार हाय. पर त्या लांब वळीत मधीच दम घेतोय बग. मूळ गाण्यात तिथं दम न्हाई. कुठनं उचललंय कुनाला ठावं. तेवढं काडून टाका त्येच्यातनं."